भटकभवानींचा बंदोबस्त कसा करावा

तर काका, तुमच्या एरियातल्या मुली संध्याकाळी सातनंतर टपरीवर बसायला लागल्यात अशी बातमी आहे. काम काही नाही, कोणाची वाट बघत नाहीयेत, नुसत्या बसून चहा पितात आणि वर मोठ्याने हसतात. घाबरू नका, पण हलक्यातही घेऊ नका. मुलगा कट्ट्यावर तासनतास बसला तर फार तर उनाड म्हणतात, तेही अर्धं लाडाने, पण मुलगी बसली की ती भटकभवानी, म्हणजे बघा आपल्या भाषेने अर्धं काम आधीच करून ठेवलंय.

पहिलं म्हणजे छेडछाड हा शब्द सोडू नका. फार कामाचा आहे, ऐकायला कसं कोणीतरी गुदगुल्या केल्यासारखं वाटतं. 2013 ला कायदा बदलला, मुलीचा पाठलाग करणं हा वेगळा गुन्हा झाला, तेव्हा कलम 354 ड, आता न्याय संहितेत 78, पहिल्यांदा सापडला तरी 3 वर्षांपर्यंत आत, आणि हल्ली पोरींना हे कलमासकट पाठ असतं. त्यांनी कलम काढलं की तुम्ही "अगं, वयच असतं गं ते" म्हणा. कोणाचं वय ते मात्र सांगू नका, कारण बऱ्याचदा तो पंचेचाळीसचा निघतो.

दुसरं, उपाय करायचा तो मुलीवरच. ओढणी, वेळ, रस्ता, मैत्रिणी, जे हाताला लागेल ते बदला. आमच्याकडे आजीने आईला आणि आईने मला एसटीत चढताना सेफ्टी पिन दिली, तीन पिढ्या त्याच पिनेवर निघाल्या. मागच्या सीटवरून येणाऱ्या त्या कोपराला त्याच्या आईने घरून निघताना काय दिलं असेल? डबा दिला असेल.

एवढं करूनही कधीकधी पोरी एकत्र येतात. हरयाणात रेवाडी जिल्ह्यातल्या एका गावात 2017 च्या मे महिन्यात, म्हणजे ऊन काय असेल विचार करा, सुमारे 80 शाळकरी मुली उपोषणाला बसल्या. गावातली शाळा दहावीपर्यंतच, पुढचं शिकायला शेजारच्या गावाला जायचं आणि वाटेत बाईकवरची पोरं. मुली म्हणाल्या आमच्याच गावात बारावीपर्यंत शाळा द्या, आणि आठवडाभरात सरकारला ऐकावं लागलं. पण तुम्ही निराश होऊ नका, नीट बघा, शाळा जागची हलली, बाईक हलली नाही, रस्ता अजून पोरांचाच आहे. (मला त्या मुलींचा हेवा वाटतो. त्यांच्या वयात मी गुपचूप रस्ता बदलला होता आणि घरी सांगितलं की तिकडे एक कुत्रं अंगावर येतं.)

खरा धोका वेगळाच आहे. काही मुली काही मागतच नाहीत. 2014 पासून मुंबईत व्हाय लॉयटर नावाने पोरी निघाल्या, रात्री अपरात्री रस्त्याने हिंडायचं, का तर उगाच. पुढच्या वर्षी कराचीत गर्ल्स ॲट ढाबाज म्हणून मुली ढाब्यावर चहा प्यायला बसल्या, त्याच वर्षी दिल्लीत होस्टेलच्या वेळांविरुद्ध पिंजरा तोड सुरू झालं. मागणी असती तर समिती नेमता आली असती हो, पण "आम्ही नुसत्या बसलोय" याच्यावर काय समिती नेमणार? एक दिलासा आहे, सात वाजता मुलगी घरात हवी यावर दोन्ही देशांतल्या काकांचं अजून एकमत आहे, ते टिकवा.

आणि अगदीच आवरेनात तर सत्कार करा. 8 मार्चला मंडप घाला, फ्लेक्सवर मुलींपेक्षा तुमचा फोटो मोठा ठेवा, शाल, नारळ, कराटेचं प्रात्यक्षिक, दोन तास भाषणं, आणि सगळं साडेसहाला आटपा म्हणजे रणरागिणींना अंधाराच्या आत घरी जाता येईल.

फक्त त्या टपरीवाल्याकडे लक्ष ठेवा, तो हातचा जातोय. आम्ही चौघी पहिल्यांदा गेलो तेव्हा त्याने बाकड्याकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं आणि विचारलं, "मॅडम, पार्सल ना?" चहाचं पार्सल, प्लॅस्टिकच्या पिशवीत रबरबँड लावून. आम्ही उभ्यानेच प्यायलो त्या दिवशी. दुसऱ्या आठवड्यातही पार्सल, तिसऱ्यातही. परवा मात्र आम्हाला लांबून येताना बघून त्याने चार कटिंग ओतले आणि अख्खं बाकडं अडवून बसलेल्या पोरांना फडकं मारत म्हणाला, "ए, सरका रे तिकडे."

आणि सरकली हो ती.