आधी उजेड कुठून पडतो ते बघा

आपल्याकडे जाहिरातीवरून वाद पेटला की दोन्ही बाजूंची वाक्यं ठरलेली असतात. एक बाजू म्हणते, भावना दुखावल्या. दुसरी म्हणते, अभिव्यक्तीची गळचेपी झाली. ऑक्टोबर २०२०मध्ये तनिष्कने मुस्लिम सासरी हिंदू सुनेचं डोहाळेजेवण दाखवलं आणि काही दिवसांतच जाहिरात मागे घेतली. पुढच्याच वर्षी फॅबइंडियाने दिवाळीच्या तोंडावर कपड्यांना उर्दू नाव दिलं, तेव्हाही तेच झालं. या दोन्ही वेळी मी दुसऱ्या बाजूची होते आणि आजही आहे. पण ब्रिटनमध्ये छायाचित्रण, जाहिरात आणि माध्यम-विश्लेषण शिकायला लागल्यापासून एक गोष्ट खटकते. एवढ्या गदारोळात जाहिरातीतल्या चित्राबद्दल कुणीच बोललेलं नसतं. कॅमेरा कुणाच्या नजरेने बघतोय, कुणाचा चेहरा उजेडात आहे, कोण कडेला उभं आहे, काही नाही.

इथले लोक जास्त समंजस आहेत असं मी म्हणत नाही. २०१५मध्ये लंडनच्या भुयारी रेल्वेत वजन घटवण्याच्या उत्पादनाच्या पिवळ्या पोस्टरवर बिकिनीतली सडपातळ बाई झळकली. 'बीच बॉडी'साठी तयार आहात का, असं ती विचारत होती. शहरभर आरडाओरडा झाला, पोस्टरं विद्रूप केली गेली. फरक पडतो तो त्यानंतर. अ‍ॅडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्‌स अथॉरिटी ही इथली स्वनियमन संस्था १९६२ची. आपली अ‍ॅस्की १९८५ची, साधारण त्याच वळणाची. इथली संस्था दर बुधवारी आपले निर्णय कारणांसकट प्रसिद्ध करते. त्या पोस्टरबद्दल तिने काय म्हटलं? वजन घटवण्याचे दावे नियमात बसत नाहीत, पण चित्र आक्षेपार्ह नाही. म्हणजे ज्यावर लोक चिडले होते, तो मुद्दा तिने फेटाळला. पटो न पटो, कारण लिहिलेलं आहे आणि त्याच्याशी भांडता येतं. आमच्या वर्गात पाठ्यपुस्तकापेक्षा हे निर्णयच जास्त वाचले जातात.

त्यातला माझा आवडता २०११चा. लॉरियालच्या दोन जाहिराती, एकीत ज्युलिया रॉबर्ट्‌स, दुसरीत क्रिस्टी टर्लिंग्टन. दोघींच्या चेहऱ्यावर वयाचा मागमूस नाही. एका महिला खासदाराने तक्रार केली. संस्थेने कंपनीकडे रिटचिंगच्या, म्हणजे संगणकावर चेहरा गुळगुळीत करण्याच्या, आधीचा फोटो मागितला. रॉबर्ट्‌सचा मूळ फोटो दाखवता येत नाही, करारात तशी अट आहे, असं उत्तर आलं. दोन्ही जाहिराती बंद झाल्या. नैतिकतेवर कुणी प्रवचन झोडलं नाही. मूळ फोटो दाखवा, एवढाच प्रश्न होता.

आता गोरेपणाच्या क्रीमकडे वळू, कारण घरी फोनवर हा विषय निघाल्याशिवाय राहत नाही. अ‍ॅस्कीने २०१४मध्ये अशा जाहिरातींसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. सावळी व्यक्ती दुःखी किंवा अनाकर्षक दाखवायची नाही, क्रीम लावण्याआधीच्या चित्रात मॉडेलच्या चेहऱ्यावर उदास भाव नकोत. हेतू चांगला आहे. पण स्टुडिओत तासभर काढलेल्या कुणालाही यातली पळवाट दिसेल. सूचना हावभावाबद्दल बोलते, उजेडाबद्दल नाही. दिवा कडेला नेला की त्वचेवरचा प्रत्येक खड्डा सावली टाकतो. तोच दिवा समोर आणून त्यापुढे पांढरं कापड धरलं की खड्डे बुजतात. व्हाइट बॅलन्स, म्हणजे फोटोतल्या रंगांचा तोल, जरासा सरकवा, एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात शिरणारा उजेड, थोडं वाढवा, हनुवटी किंचित वर घ्यायला सांगा. क्रीमचा थेंबही न लावता 'आधी' आणि 'नंतर' तयार. आम्हाला हा सराव एकमेकांच्या चेहऱ्यांवर करायला लावतात, आणि तो केल्यावर तसली जाहिरात पूर्वीसारखी बघता येत नाही. जादूगाराच्या मागे उभं राहून खेळ बघितल्यासारखं होतं.

कॅमेराही निष्पाप नाही. त्याचं उजेड मोजणारं मीटर समोरचं सगळं मिळून साधारण १८ टक्के उजेड परावर्तित करणारं राखाडी आहे असं धरून चालतं. पांढऱ्या भिंतीपुढे सावळा माणूस उभा केला की मीटर भिंतीला भुलतं, फ्रेम काळवंडते आणि चेहऱ्यातले बारकावे जातात. फिल्मच्या काळात तर कोडॅक प्रयोगशाळांना रंग जुळवण्यासाठी गोऱ्या बाईचा फोटो असलेलं 'शर्ली कार्ड' पाठवायची. कित्येक वर्षं त्यावर दुसऱ्या वर्णाचा चेहराच नव्हता. गडद रंगांच्या छटा नीट याव्यात म्हणून ज्यांच्या तक्रारी मनावर घेतल्या गेल्या, त्यांत चॉकलेट आणि लाकडी फर्निचर विकणारे होते. माणसांचा नंबर नंतर. लग्नाच्या अल्बमात आपण 'फोटोत काळे येतो' म्हणून स्वतःला दोष देतो, त्यात या यंत्राचाही वाटा आहे, हे मला भारतात कुणी सांगितलं नव्हतं.

वर्गात मात्र याच विषयावर माझी सहानुभूती संपते. 'तुमच्याकडे अजून असल्या क्रीम विकतात?' असं कुणीतरी हळहळत विचारतं. १९७५मध्ये भारतात आलेली आणि जुलै २०२०मध्ये नावातून 'फेअर' गाळलेली ती क्रीम हिंदुस्थान युनिलिव्हरची. तिच्या पालक कंपनीचं मुख्यालय लंडनमध्ये, थेम्सच्या काठी. नाव बदललं तेही अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइडच्या खुनानंतर वर्णभेदावर जगभर आंदोलनं उसळली तेव्हा. त्याच दिवसांत एका लग्नजुळणी संकेतस्थळाने वर्णाची चाळणी काढली, तीही अमेरिकेतून आलेल्या याचिकेनंतर. आपल्याकडच्या स्त्रिया त्याआधी कित्येक वर्षं हेच सांगत होत्या. आपल्या वादात सगळा दोष 'आपल्या मानसिकते'वर जातो, इथल्या वादात 'त्यांच्या संस्कृती'वर. दोन्हीकडे कंपनी सुटते.

मग शिकवायचं कुठे? मुंबईत जे.जे.मध्ये कमर्शियल आर्टचा विभाग १९३५पासून आहे, माध्यमांच्या पदवीची मुलं जाहिरात शिकतात, त्यामुळे जाहिराती बनवणारे हात आपल्याकडे भरपूर आहेत. त्या वाचणारे डोळे घडवण्याची सोय नाही. इथे मीडिया स्टडीज शाळेतच घेता येतो, साधारण चौदाव्या वर्षापासून, ऐच्छिक विषय म्हणून. त्याची टरही उडवतात, बरं का. असल्या पदव्यांना 'मिकी माउस' म्हणायची इथे पद्धतच आहे, आणि २००३मध्ये खुद्द एका शिक्षणविषयक मंत्र्यांनी तो शब्द वापरला होता. म्हणजे 'हे काय शिक्षण आहे?' असं विचारणारे काका दोन्ही देशांत आहेत. आपल्याकडेही केरळमधल्या कन्नूर जिल्ह्याने २०१८मध्ये सरकारी शाळांतल्या मुलांना खोट्या बातम्या ओळखायला शिकवायला सुरुवात केली होती. एका जिल्ह्याला जमलं ते महाराष्ट्राला न जमण्यासारखं नाही.

नवा विषय, नवं पुस्तक, नवी परीक्षा यांतलं काहीही नको. आठवीच्या वर्गात खिडकीशी एका मुलीला उभं करायचं. एक फोटो खिडकीकडे तोंड करून, एक पाठ करून, एक कडेने उजेड घेऊन. तिन्ही फोटो फळ्याशेजारी लावायचे आणि विचारायचं, यातली कोणती मुलगी हुशार वाटते, कोणती आजारी, कोणती श्रीमंत? मुलं उत्तरं देतील, आणि मग ती एकमेकांशी वाद घालतील. शाळेत मोबाइल कशाला, असं पालक विचारतीलच. एक पुरतो, बाईंचा.