पाणी प्या म्हणण्याआधी आडोसा करा

एप्रिल लागला की सगळीकडून एकच सल्ला सुरू होतो: भरपूर पाणी प्या. द्राक्षबागेत खरड छाटणीला (हंगाम संपल्यावर वेलीच्या सगळ्या काड्या छाटायच्या कामाला) जाणाऱ्या बायकांना तर डॉक्टर सांगतात, आशाताई सांगतात, बागमालकही सांगतात. जारचं गार पाणी बागेत येतंसुद्धा. बायका चूळ भरतात, दोन घोट घेतात आणि तांब्या खाली ठेवतात. तहान नसते असं नाही. प्यालं की जावं लागतं, आणि जायला जागा नसते.

मी तासगावात पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. उन्हाळ्यात युरीन रुटीनची (लघवीच्या साध्या तपासणीची) बाटली हातात घेतली की बाई रानातून आलीय हे बऱ्याचदा रंगावरूनच कळतं. गडद पिवळी, कधी तपकिरीकडे झुकणारी. स्पेसिफिक ग्रॅव्हिटी, म्हणजे लघवीचा दाटपणा, १.०३० च्या घरात, म्हणजे फार दाट; मायक्रोस्कोपखाली पस सेल्स, म्हणजे पू-पेशी, जंतुसंसर्गाची खूण. तक्रार ठरलेली: ‘उन्हाळी लागलीया ताई.’ धने-जिऱ्याचं पाणी, सब्जा, सगळं करून झालेलं असतं.

शरीर आपल्या बाजूनं कसूर करत नाही. दोन्ही मूत्रपिंडं मिळून दिवसाला साधारण १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातलं दीड-दोन लिटरच बाहेर जाऊ देतात. बाकीचं पाणी, मीठ, साखर परत रक्तात ओढून घेतात. घाम गाळून रक्त एक-दोन टक्क्यांनी जरी दाट झालं तरी मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसला त्याचा पत्ता लागतो. मग तहान लागते, आणि पिट्युटरी ग्रंथीतून एडीएच नावाचं हार्मोन सुटतं. त्याच्या हुकमानं मूत्रपिंड पाणी राखायला लागतं, लघवी कमी आणि दाट होते. बाटलीतला तो गडद रंग म्हणजे हीच काटकसर.

पण काटकसरीला मर्यादा आहे. प्रथिनांचा वापर झाला की यकृत त्यातल्या अमोनियाचा युरिया करतं, स्नायूंतून क्रिएटिनिन येतं, भाकरीसोबतच्या ठेच्या-लोणच्यातलं जास्तीचं मीठ असतंच. हे सगळं पाण्यात विरघळूनच बाहेर जातं. कितीही दाट केली तरी दिवसाला अर्धा लिटरच्या आसपास लघवी व्हावीच लागते. त्याच्याखाली गेलं की कचरा रक्तात साठायला लागतो.

त्यात धरून ठेवणं आलं. सकाळी वडापच्या जीपनं निघालेली बाई दुपारच्या भाकरीपर्यंत दम काढते, कधी घरी परतेपर्यंत. मूत्राशयात चारशे-पाचशे मिली झालं की जोराची कळ येते, ती दाबायची. बाईचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटर, पुरुषाचा वीसच्या आसपास. म्हणजे जंतूंना वर चढायची वाट बाईच्या शरीरात फार आखूड. वेळच्या वेळी धार गेली तर ते धुऊन निघतात. तुंबून राहिलं तर वाढतात, आणि दुर्लक्ष झालं तर मूत्रपिंडापर्यंत पोचतात.

आणि संध्याकाळी कंबर दुखते म्हणून मेडिकलमधून आणलेली गोळी! शरीरात पाणी कमी असतं तेव्हा मूत्रपिंडाकडे जाणारी बारीक रक्तवाहिनी उघडी ठेवायला शरीरात तयार होणारं प्रोस्टाग्लँडिन नावाचं द्रव्य लागतं. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या नेमकं तेच कमी करतात. दिवसभर कोरडं राहून रोज रात्री ही गोळी, यानं मूत्रपिंड कायमचं बिघडू शकतं. हे लॅबच्या काउंटरवर मी घसा कोरडा होईस्तोवर सांगते.

आता आपल्या बागेकडे बघा. वेलीला दिवसाला किती लिटर, ड्रिप किती वेळ, सगळं तोंडपाठ. माती परीक्षण, पानदेठ परीक्षण वेळेवर. म्हैसाळ योजनेच्या पाण्याचं आवर्तन लांबलं तर टँकरनं बाग जगवतो आपण. त्याच बागेत राबणाऱ्या बाईच्या पाण्याचा हिशोब जारपाशी संपतो.

‘रानात आडोशाला काय तोटा?’ असं विचारणाऱ्यानं खरड छाटणी झालेली बाग एकदा बाईच्या नजरेनं बघावी. तारेवर नुसते ओलांडे (वेलीच्या आडव्या फांद्या), पानाचा पत्ता नाही. या बांधावरून त्या बांधावरचा माणूस दिसतो. शेजारचा ऊस दुसऱ्याचा, आत जनावराची भीती, आणि पाणी पाजायला कुणी गडी आत असेल तर आणखीच अवघड.

२०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाना कायद्यानं साखर कारखान्याला कामगारांसाठी मुताऱ्या बांधाव्या लागायच्या. रानात राबणारी बाई त्या कायद्यात येत नव्हती. म्हणून मालकाच्या मर्जीवर सोडायचं? माझं मत स्पष्ट आहे: बायकांची टोळी कामाला सांगायची तर मुतारीची सोय मालकानंच करायची, ते उपकार नाहीत. एक खड्डा, चार बांबू, बेदाण्याच्या शेडला लावतो तीच हिरवी नेट दुहेरी करून, आत पाण्याचं पिंप. बाग लावायच्या खर्चात हे कुठं दिसणारही नाही.

एवढं करून भागेल असं नाही, हेही मान्य. काम उक्तं घेतलेलं असलं तर बायका स्वतःच थांबत नाहीत, कारण एक गेली की टोळीचा वेग पडतो आणि दुसरीला बोलणी बसतात. तिथं टोळी बांधणाऱ्या मावशीनंच भाकरीच्या आधी आणि नंतर एकेक सुट्टी ठरवून टाकावी. गड्यांनी त्या वेळात दुसऱ्या टोकाला जावं.

(‘रोज चार लिटर पाणी प्या’ असे मेसेज फिरवणाऱ्यांसाठी: ज्यांना हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार आहे त्यांनी किती प्यायचं ते त्यांच्या डॉक्टरांनाच ठरवू द्या.)

तासगाव, कवठेमहांकाळ, मिरज भागातल्या ज्या बागायतदारांनी अशी सोय केली असेल त्यांनी फोटो टाका, खर्च किती आला तोही लिहा. बाकीच्यांनी यंदाची टोळी येण्याआधी खड्डा काढून घ्या.