६ सप्टेंबरच्या मुक्कामाबद्दलच्या तुमच्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार सर,

तुम्ही आमच्या हॉटेलला एक तारा दिलात आणि चार तक्रारी लिहिल्यात. गाडी दारापर्यंत आली नाही, आवाजाने रात्रभर डोळा लागला नाही, खोलीत बिअर मिळाली नाही, आणि ‘एवढे पैसे घेऊन निम्मा स्टाफ नाचायला गेला होता’. शिवाय दोन्ही रात्रींचे पैसे परत मागितलेत. फोनवर आपलं बोलणं झालंच आहे, पण तुमचं लिहिणं सगळ्यांनी वाचलंय, म्हणून उत्तरही सगळ्यांसमोर देतो.

शनिवारी, ६ सप्टेंबर २०२५ला अनंत चतुर्दशी होती. खोली तुम्ही आदल्या रात्री उशिरा ॲपवरून घेतलीत. विसर्जनाच्या दिवशी पुण्यात आमच्या डेक्कन भागात गाडी येत नाही. कर्वे रस्ता नळस्टॉपपासून, फर्ग्युसन रस्ता कॉलेजच्या मुख्य दरवाजापासून आणि जंगली महाराज रस्ता झाशीच्या राणीच्या चौकापासून पोलीस बंद करतात. आमच्या फ्रंट ऑफिसने सकाळीच फोन करून तुम्हाला सुचवलं होतं, की विमानतळावरून रामवाडीला या, तिथून मेट्रो पकडा आणि थेट डेक्कनला उतरा. मेट्रो त्या दिवशी रात्रभर चालू होती. तुम्ही टॅक्सीच पसंत केलीत. आईंना घेऊन नळस्टॉपला अडकल्याचं कळल्यावर आमचा बेल बॉय आणि सिक्युरिटीचे मामा व्हीलचेअर घेऊन तिथपर्यंत आले. ‘हॉटेलने वाऱ्यावर सोडलं’ असं तुम्ही लिहिलंय, ते मला पटत नाही.

आवाजाचं तुमचं म्हणणं मात्र मला पूर्ण मान्य आहे. ढोल-ताशा कितीही मोठा वाजला तरी तो पुढे सरकतो. पथक चौकातून गेलं की कान मोकळे होतात. स्पीकरच्या भिंती लावलेली गाडी तासन् तास एका जागी उभी राहते. रस्त्याकडच्या सगळ्या खोल्यांना आम्ही दुहेरी काचा बसवल्या आहेत. त्या हॉर्न अडवतात, माणसांचा गलका अडवतात, पण स्पीकरचा बास भिंतीतून येतो. टेबलावरच्या ग्लासातलं पाणी त्या ठोक्याबरोबर थरथरताना मी स्वतः पाहिलंय. कायद्याने लाउडस्पीकर रात्री दहा ते सकाळी सहा बंद ठेवायचे असतात आणि वर्षातल्या ठरावीक दिवशी सरकार बारापर्यंत सवलत देतं. त्यामुळे बाराला स्पीकर थांबतात, पण मंडळं रांगेतली जागा सोडत नाहीत. तिथेच थांबतात आणि सहा वाजले की सगळ्यांचे स्पीकर एकदम सुरू होतात. ‘पहाटे सहाला पलंग हलायला लागला’ असं तुम्ही लिहिलंय, ते याच्यामुळे. यंदा मिरवणूक तीस तासांहून जास्त चालली. व्यापारी भागासाठी मर्यादा दिवसा ६५ आणि रात्री ५५ डेसिबलची आहे. खंडुजीबाबा चौकात त्या दिवशी ती कुणी पाळत नाही. तुम्ही दुसऱ्या दिवशी निघून गेलात. इथल्या सोसायट्यांमधली म्हातारी माणसं कुठे जाणार? मी गणपतीचा भक्त आहे आणि या स्पीकरच्या भिंतींच्या ठाम विरोधात आहे. मंडळांच्या लोकांशीही मी हेच बोलतो.

हे माहीत असल्यामुळेच चेक-इनच्या वेळी तुम्हाला मागच्या बाजूची, झाडांकडची खोली देऊ केली होती. भाडंही कमी होतं. मिरवणूक दिसावी म्हणून तुम्ही रस्त्याकडचीच ठेवलीत. रात्री एक वाजता तुमचा फोन आला तेव्हा मागच्या सगळ्या खोल्या गेल्या होत्या.

बिअरबद्दल एवढंच, की त्या दिवशी पुणे जिल्ह्यात मद्यविक्री बंद असते. मिनीबार आम्ही आदल्या रात्रीच रिकामे केले होते. ‘मोठ्या हॉटेलांत गुपचूप मिळते’ असं तुम्ही म्हणता. आमच्याकडे मिळत नाही आणि मिळणारही नाही.

आता स्टाफबद्दल. तुमचं ते वाक्य मला लागलं. त्या दिवशी ड्यूटीवर असलेली मंडळी शुक्रवारी रात्रीच हॉटेलवर मुक्कामाला आली होती, कारण शनिवारी हडपसर किंवा धायरीहून वेळेत पोचण्याची खात्री नसते. बँक्वेट हॉलमध्ये गाद्या घालून ती झोपली. दूध, भाजी, धुतलेल्या चादरी, टॉवेल सगळं शुक्रवारीच भरून ठेवलं होतं, कारण मिरवणूक संपेपर्यंत लाँड्रीची गाडी आत येऊ शकत नाही. म्हणून जादा टॉवेल मागितल्यावर एकच मिळाला. तुमचा चहा यायला चाळीस मिनिटं लागली, तेव्हा रूम सर्व्हिसला दोन मुलं अख्खं हॉटेल सांभाळत होती.

ज्यांना त्या दिवशी सुट्टी होती, त्यांची सुट्टी मी जूनमध्येच मंजूर केली होती. रिसेप्शनवरची आमची एक मुलगी ढोलपथकात आहे. पावसाळा सुरू झाला की ड्यूटी संपवून ती नदीपात्रात सरावाला जाते. ऑगस्टमध्ये ती पाहुण्यांना की-कार्ड देते तेव्हा तिच्या बोटांना चिकटपट्ट्या असतात. एकतीस डिसेंबरला, दिवाळीच्या पाडव्याला, ऐन लग्नसराईत ती काउंटरवर हसतमुखाने उभी असते. वर्षातला हा एक दिवस तिचा आहे, आणि कुठल्याही पाहुण्याच्या एका ताऱ्यासाठी मी तो काढून घेणार नाही. तिच्याबद्दल आणि तिच्या सहकाऱ्यांबद्दल लिहिलेलं तेवढं वाक्य तुम्ही काढावंत, ही माझी मनापासून विनंती आहे. बाकी अभिप्राय जसाच्या तसा राहू द्या.

पुढच्या वर्षीपासून अनंत चतुर्दशीची आणि तिच्या दुसऱ्या दिवसाची रात्र आम्ही कुठल्याच ॲपवर ठेवणार नाही. त्या दोन रात्रींचं बुकिंग फक्त फोनवर, रस्ते, आवाज आणि मद्यबंदी हे सगळं सांगून झाल्यावरच घेऊ.

पैशांचं म्हणाल तर पहिल्या रात्रीचे परत करणार नाही. खोली, जेवण, नाश्ता सगळं तुम्ही घेतलंत. दुसऱ्या रात्री तुम्ही राहिला नाहीत. ॲपच्या नियमाने त्या रात्रीचं काहीच परत मिळणार नव्हतं, तरी १८ टक्के जीएसटी धरून सगळी रक्कम आम्ही रविवारीच परत पाठवली आहे. ती ॲपमार्फत येते, त्यामुळे तुमच्या खात्यात दिसायला आठवडाभर लागू शकतो. त्यानंतरही आली नाही तर बुकिंग क्रमांक घेऊन आमच्या अकाउंट्स विभागाला फोन करा. त्यांना सांगून ठेवलं आहे.

— हॉटेलमालक, डेक्कन जिमखाना, पुणे