लाल शोधलं, दलाल सापडला

मामांचा फोन आला तेव्हा मी हिंजवडीहून घरी येताना चांदणी चौकात अडकलो होतो, त्यामुळे वेळच वेळ होता. "तू कंप्युटरमधला आहेस ना?" हे त्यांचं पहिलं वाक्य. आमच्या घराण्यात या प्रश्नामागून कधीच काही चांगलं आलेलं नाही. मागच्या वेळी त्यातून एक न चालणारा प्रिंटर निघाला होता आणि त्याआधी मावशीच्या फोनमधले हजारो गुड मॉर्निंग.

"छोटंसं काम आहे. माझ्या फाइलमधलं लाल शोधायचंय."

"लाल काय?"

"लाल म्हणजे लाल. जाड लाल."

आता ही फाइल काय प्रकार आहे ते सांगायला पाहिजे. मामा बँकेतून रिटायर झाले 2004 साली, पण बँक मामांमधून रिटायर झाली नाही. घरी पीसी आला, त्यात वर्डपॅड हे लिहायचं साधं सॉफ्टवेअर होतं, आणि मामांनी 'येणे' नावाची एक आरटीएफ, म्हणजे अक्षरांचा रंग-जाडी जपणारी, फाइल उघडली. सोसायटीतल्या कोणी घरातून काय नेलं, कधी नेलं, काय म्हणून नेलं ("दोन मिनिटांत आणतो") आणि कधी परत आणलं याची नोंद. वीस वर्षांच्या वर चाललीये ही फाइल. पक्कड, इडलीपात्र, दिवाळी अंक, बेडपॅन, पाच लिटरचा कुकर, चतुःशृंगीच्या जत्रेला नेलेली थर्मासची बाटली, सगळं आहे. आणि त्याला पद्धत आहे. साधं काळं म्हणजे नेलंय, अजून मुदतीत आहे. हिरवं म्हणजे परत आलं. तिरकं म्हणजे परत आलं पण ज्या अवस्थेत आलं त्यावर न बोललेलं बरं. पिवळी पट्टी म्हणजे मामीला दाखवायचं नाही. आणि लाल जाड म्हणजे मागूनसुद्धा दिलं नाही.

घाई अशासाठी होती की कोथरूडमधली त्यांची बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला चाललीये. बारा बिऱ्हाडं, रविवारी सगळे सह्यांना जमणार आणि मग भाड्याच्या घरांत पांगणार. "एकदा का माणूस वारज्याला गेला की माझं ड्रिल मशीन गेलं," मामा म्हणाले. रविवारी सगळे एका खोलीत असताना यादी वाचायची असा बेत होता. मी मनातल्या मनात बिल्डरसाठी प्रार्थना केली आणि तोंडाने म्हणालो, "अर्ध्या तासाचं काम आहे मामा." गेली बारा वर्षं मी टीममधल्या कुणालाही हे वाक्य क्लायंटसमोर बोलू दिलेलं नाही.

शनिवारी सकाळी गेलो. मामांनी वर्डपॅड उघडून शोधायची खिडकी तयारच ठेवली होती.

"यात 'लाल' टाइप कर."

"मामा, तसं नाही होत."

"करून तर बघ."

केलं. पहिला सापडला दलाल (ज्याने फ्लॅट दाखवताना मामांचं मोजमापाचं टेप नेलं तो), मग गणपती विसर्जनाच्या नोंदीतला गुलाल, मग पुन्हा दलाल. फाइल लालेलाल आहे, पण लाल हा शब्द त्यात कुठेच नाही, कारण जे डोळ्यांना दिसतंय ते लिहायला मामा काय वेडे आहेत? वर्डपॅडच्या त्या खिडकीला फक्त अक्षरं कळतात. अक्षरं कुठल्या रंगाची, कुठल्या आवाजात बोललीयेत हे तिला विचारायची सोयच नाही. आणि मामांच्या फाइलमध्ये सगळा मजकूर त्या आवाजातच होता.

मी म्हटलं मोठा वर्ड प्रोसेसर घेऊ, त्यात फॉरमॅटवरून शोधता येतं. वर्षाला किती पैसे पडतात ते मामांनी विचारलं, मी सांगितलं, आणि ते इतका वेळ गप्प बसले की मामी आतून बघायला आली. "भाड्याने अक्षरं?" एवढंच म्हणाले. नवीन लॅपटॉपचा विषय तर मी काढलाच नाही, कारण 1995 पासून विंडोजबरोबर आलेलं वर्डपॅड विंडोज 11 च्या 2024 च्या आवृत्तीतून काढून टाकलंय हे त्यांना त्या दिवशी कळणं कोणाच्याच तब्येतीला झेपलं नसतं.

तर म्हटलं आपणच प्रोग्राम लिहू. वर्डपॅड ही नुसती चौकट, आत जे रंगीत मजकूर दाखवतं ते रिच एडिट नावाचं कंट्रोल, म्हणजे खिडकीत बसवायचा तयार तुकडा, आणि डॉट नेट या प्रोग्राम लिहायच्या मायक्रोसॉफ्टच्या सामानात तेच रिच टेक्स्ट बॉक्स म्हणून मिळतं. माझ्या प्रोग्रामच्या खिडकीत टाकलं, मामांची फाइल आत उघडली, हुबेहूब दिसली, मामा खूश. त्याला फाइंड नावाची मेथड, म्हणजे शोधायची तयार आज्ञाही आहे. तिला पर्याय देता येतात: कॅपिटल-स्मॉल बघ, पूर्ण शब्दच धर, शेवटाकडून उलटं शोध. रंगाचा पर्याय नाही. जाडाचा नाही. कॅपिटल-स्मॉल बघायची सोय देवनागरीत घेऊन काय करायचं ते ज्याचं त्याने ठरवावं.

मग उरला तो धोपटमार्ग. पहिलं अक्षर सिलेक्ट करायचं, विचारायचं तुझा रंग काय, तू जाड का, मग दुसरं अक्षर. फाइलमध्ये सहा लाखांच्या वर अक्षरं. मामांना हा आकडा पटेना, त्यांच्या अंदाजाने निम्मी असायला हवी होती. मी समजावलं की काना-मात्रा वेगळ्या मोजल्या जातात, आपण म्हणतो पुणे दोन अक्षरी, याच्या हिशेबी चार: प, उकार, ण, मात्रा. "म्हणजे नुसत्या उकाराला लाल करता येतं?" मामांनी विचारलं, आणि त्यांच्या डोळ्यांत अशी काही चमक आली की मी पोहे मागितले.

प्रोग्राम सुरू केला. सिलेक्शन अक्षरागणिक पुढे सरकतंय, त्याच्यामागे पान सरकतंय, सगळा स्क्रीन थडथड उडतोय, दिवाळीत लवंगी माळ पेटवावी तसा. "हे काय उंदीर सोडलेस का आत?" मामा. त्यावर उपाय आहे, कंट्रोलला एक मेसेज पाठवायचा की बाबा थोडा वेळ चित्र काढू नकोस, काम झालं की सांगतो. पाठवला. स्क्रीन गार. "बंद पडला," मामा समाधानाने म्हणाले. पोहे झाले, चहा झाला, मामीची भाजी निवडून झाली, टक्केवारी अकरा.

मला वाटलं हुशारी करावी, एकेक अक्षर कशाला, अख्खी ओळ सिलेक्ट करून फॉन्ट विचारू. तर उत्तर नल. म्हणजे काही नाहीच. का, तर सिलेक्शनमध्ये एकापेक्षा जास्त फॉन्ट असले की ते गप्प बसतं, आणि रंगाचंही तेच, दोन रंग असले की रिकामा रंग हातात ठेवतं. एकत्र कुटुंबाच्या दारात उभं राहून चहा घेणार की कॉफी विचारावं, आत आठ जणांची आठ मतं, आणि आतून कोणीच काही बोलू नये, तसं. आणि मामांच्या एकेका ओळीत काळं, तिरकं, लाल असं सगळं गुण्यागोविंदाने नांदत होतं.

दुपारी म्हटलं जरा फाइलच्या पोटात बघू. आरटीएफ हा 1987 पासूनचा फॉरमॅट, आत साधा मजकूरच असतो, नोटपॅडमध्ये उघडतो. उघडला. इंग्रजीत फाइल असती तर बॅकस्लॅश बी म्हणजे इथून जाड, बी शून्य म्हणजे जाड संपलं, इतकं सरळ वाचता आलं असतं. मराठीचे मात्र आकडे झालेले, युनिकोड या पद्धतीत प्रत्येक अक्षराला असतो तो आकडा. मामा हा शब्द 2350, 2366, 2350, 2366, आणि प्रत्येक आकड्यामागे एक प्रश्नचिन्ह. ते प्रश्नचिन्ह जुन्या सॉफ्टवेअरसाठी असतं, ज्याला युनिकोड कळत नाही त्याने निदान ते तरी दाखवावं म्हणून. मामा चष्मा वर करून वाचत होते. "माझ्या नावापुढे प्रश्नचिन्ह कोणी टाकलं?" मी फाइल बंद केली.

पण एक गोष्ट त्यातून कळली. वरच्या बाजूला रंगांचा तक्ता होता आणि त्यात लाल एक नव्हतं, तीन होती. एक कडक लाल, ज्यात लालचं माप 255 म्हणजे पूर्ण, एक 128 वालं मरून, आणि एक कुठूनतरी कॉपी-पेस्टमधून आलेलं विटकरी. मामांना विचारलं की तुम्ही रंग चुकून निवडले असतील. चुकून? मरून म्हणजे मागायला गेलो तर "आम्ही नेलंच नव्हतं" म्हणाले. विटकरी म्हणजे हे लोक नात्यातले आहेत. आणि एके ठिकाणी मला जाड दिसत असलेलं लाल प्रोग्रामला जाड वाटतच नव्हतं, तिथे मामांनी बोल्ड केलंच नव्हतं, फॉन्टच जाडजूड निवडला होता. बोल्ड हा गुण असतो, हा फॉन्ट जन्मतःच लठ्ठ. "ती तळमजल्यावरची केस आहे," मामा म्हणाले, "तिला बोल्ड पुरलं नसतं."

रात्री घरी बसलो. बायको म्हणाली सोड, डोळ्यांनी बघून यादी कर, दोन तासांत होईल. हे खरं होतं, त्यामुळेच ऐकणं शक्य नव्हतं. एकच्या सुमाराला मागचं दार सापडलं. या रिच एडिटच्या आत टेक्स्ट ऑब्जेक्ट मॉडेल नावाची वेगळी व्यवस्था आहे, डॉट नेटच्या डब्यावर तिचं लेबल नाही, मेसेज पाठवून आतून मागून घ्यावी लागते. तिच्यात रेंज, म्हणजे मजकुराचा धरलेला तुकडा, पुढे सरकवताना किती सरकवायची ते ठरवता येतं, एक अक्षर, एक शब्द, एक परिच्छेद, आणि त्या यादीतला 13 नंबर म्हणजे फॉरमॅट बदलेपर्यंत सलग. म्हणजे सहा लाख अक्षरांच्या दारावर टकटक करायचीच नाही! वनाजला मेट्रोत बसायचं आणि स्टेशन येईल तिथेच उतरायचं, मी दिवसभर बसमधून जात होतो आणि हात दाखवेल तिथे थांबत होतो. तो तेराचा आकडा टाकला, रन केलं, आणि पाणी पिऊन येईपर्यंत यादी तयार.

यादी अशी होती:

अजून नाही.
अजून नाही.
विचारलं, हसले.
अजून नाही.
हद्द झाली.
शर कुकर.

लाल रंगात मामांनी फक्त संताप लिहिला होता. कोणी काय नेलं ते आधी काळ्यात. आणि 'शर कुकर' कारण प्रेशर लाल करताना माउस थोडा उशिरा दाबला गेला होता. मग लाल सापडला की त्याचा पूर्ण परिच्छेद उचलायचा असं केलं, तीन लाल आणि एक लठ्ठ फॉन्ट घातला, आणि अडीच वाजता 64 नोंदी हातात आल्या. (सोमवारी ऑफिसात हे अभिमानाने सांगितलं तर शेजारचा म्हणाला लिब्रेऑफिस फुकट आहे, त्यात फाइंडमध्ये फॉरमॅटचं बटण आहे. मी त्याच्याशी अजून नीट बोलत नाही.)

रविवारी सकाळी मामा यादी तपासायला बसले, पेन्सिल घेऊन, बँकेतल्यासारखी प्रत्येक नोंदीपुढे बारीक टिक. मामी मागून म्हणाली, "माझं नाव आहे का बघ रे त्यात." मामांनी पान थोडं वाकडं धरलं. एकेचाळीसवर पेन्सिल थांबली. तिथे काहीच नव्हतं, नुसता आकडा आणि पुढे कोरं.

"हा तुझा घोळ," मामा म्हणाले.

मलाही तेच वाटलं. फाइलमध्ये त्या जागी जाऊन बघितलं, ओळ रिकामी. कर्सर नेऊन ठेवला तर बोल्डचं बटण दाबलेलं दिसलं आणि रंग 255 वाला. एक स्पेस होती. मजकूर कोणीतरी पुसलेला, पण एक मोकळी जागा मागे राहिलेली, लाल आणि जाड.

मामांनी वरची तारीख बघितली, खालची बघितली. "हां. शिडी. समोरच्या विंगेतल्या काकांनी नेली होती, पंखा पुसायला. ते गेले तेव्हा मी खोडली नोंद."

"आणि शिडी?"

"शिडी कसली मागतोस. काकू एकट्या राहिल्या."

"मग गाळू का ही ओळ? एका अटीचं काम आहे, रिकामं असेल तर सोडून दे."

मामा थोडा वेळ बघत बसले त्या कोऱ्या ओळीकडे. "राहू दे. जागा खातीये का काही?" आणि तिच्यापुढेही टिक केली.

मग प्रिंट काढायला कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे गेलो, मीटिंग अकराची होती. त्याने विचारलं रंगीत की साधी, रंगीत पानाला दहा रुपये पडतील. मी खिशात हात घालणार तेवढ्यात मामांनी मला मागे सारलं.

"साधी काढ रे," ते त्याला म्हणाले. "सगळं लालच आहे, रंग कशाला?"