निम्मं-निम्मं, पण कुठल्या पाण्याचं?

नमस्कार. गंगेच्या पाणीवाटपावरच्या माझ्या लेखावर प्रतिक्रिया सविस्तर लिहिलीत, म्हणून उत्तरही जरा लांबवतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: गंगा आपली, १९९६ च्या भारत-बांगलादेश करारात पाणी निम्मं-निम्मं ठरलेलं, तरी बांगलादेशाची रड संपत नाही आणि मी त्यांचीच री ओढतोय. वर, ब्रह्मपुत्रेवर धरण बांधताना चीन आपल्याला विचारतो का?

आधी माझी चूक कबूल करतो. कोलकाता बंदराची बाजू मी दोन ओळींत उरकली. बंदराची हुगळी नदी गाळाने भरत चालली होती, म्हणून पश्चिम बंगालमध्ये गंगेवर फरक्क्याचा बंधारा बांधला आणि १९७५ पासून कालव्याने पाणी हुगळीकडे वळवलं. ती गरज खरी होती.

आता निम्म्याचं. फरक्क्याला ७०,००० क्युसेक किंवा कमी पाणी असेल तरच निम्मं. ७५,००० च्या वर गेलं की भारताचे ४०,००० ठरलेले, उरलेलं त्यांचं. ऐन उन्हाळ्यात, ११ मार्च ते १० मे, दहा-दहा दिवसांच्या पाळ्या लागतात. समजा नदीत ६०,००० आहे. या पाळीला त्यांना हमीचे ३५,००० आणि आपल्याला २५,०००, पुढच्या पाळीला उलट. पाळीपत्रकच की हे!

पण वाटप होतं ते फरक्क्याला पोचलेल्या पाण्याचं. वर उत्तर प्रदेश-बिहारात किती उचललं, याचा हिशेब त्यात नाही. प्रवाह टिकवायचा सर्वतोपरी प्रयत्न करू, एवढं एक कलम आहे. १९७७ च्या करारात वाट्याच्या किमान ८० टक्क्यांची हमी होती, ती १९९६ च्या करारात नाही. ५०,००० च्या खाली गेलं तर काय? तातडीने चर्चा करायची. कालव्याच्या चारीच्या टेलला, म्हणजे पार शेवटच्या टोकाला, ज्याचं रान आहे त्याला विचारा. कागदावर त्याचे तास बरोबरच असतात, पाणी मात्र वरच्या मोटारींनी आधीच ओढलेलं असतं.

बांगलादेशाच्या नैर्ऋत्येला खुलन्याकडे गोडं पाणी नेणाऱ्या गोराई नदीचं तोंड कोरड्या महिन्यांत वाळूने बुजतं आणि खालून खारं पाणी चढतं. सगळं खापर फरक्क्यावर फोडणं मलाही पटत नाही. कोळंबीच्या तळ्यांसाठी खारं पाणी तिथल्याच लोकांनी आत घेतलंय.

राहिला चीन. नाही विचारत. ब्रह्मपुत्रेवर चीनच्या मानाने टेलला आपण आहोत. तिबेटात याच नदीवरच्या मेदोगच्या धरणाबाबत आपण बीजिंगकडे मागतो काय? आधी कळवा, आकडे द्या, खालच्यांचा विचार करा. ढाका आपल्याकडे हेच मागतं. सामायिक नद्यांच्या आंतरराष्ट्रीय करारावर १९९७ साली संयुक्त राष्ट्रांत मतदान झालं, तेव्हा चीन विरोधात गेला, बांगलादेश बाजूने आणि आपण तटस्थ. (दोन्हीकडून बोलायची सोय, दुसरं काय!)

कराराची मुदत ३० वर्षांची, डिसेंबर २०२६ पर्यंत. नवा करताना मोजणी फरक्क्याच्या बरीच वरून धरावी, एवढंच माझं म्हणणं. ते बांगलादेशाच्या बाजूचं वाटत असेल तर वाटू द्या. बंदराचा परिच्छेद वाढवून मूळ लेख आजच दुरुस्त केलाय.