भागावरचा नंबर शोधण्याआधी तो कसला नंबर आहे ते ठरवा

जुन्या यंत्रातला भाग निघतो, त्यावर काही आकडे-अक्षरं दिसतात, ती जशीच्या तशी सर्चमध्ये जातात आणि पहिल्या निकालात जे दिसेल ते मागवलं जातं. चुकीचा भाग हातात पडतो तो बहुतेक वेळा असाच. वस्तूवर छापलेला प्रत्येक नंबर तिचं नाव नसतो, हे आधी डोक्यात पक्कं बसायला हवं.

सर्किट बोर्डाचंच घ्या. बोर्डाचा मॉडेल नंबर म्हणून लोक सर्रास '९४व्ही-०' पाठवतात. ते बोर्डाच्या मटेरियलचं आगीसंबंधीचं रेटिंग आहे, असंख्य बोर्डांवर सापडतं. शेजारी 'ई' आणि पुढे पाच-सहा आकडे असतील, तर तो यूएल या सुरक्षा-चाचणी करणाऱ्या संस्थेकडचा फाइल नंबर. त्यावरून कोरा बोर्ड कोणी बनवला ते कळतं, त्यावर बसवलेलं उपकरण कळत नाही. चिपवर '१४३२' असा चार आकड्यांचा सुटा गट दिसला, तर बहुधा २०१४ सालचा ३२वा आठवडा. १९७४ साली बनलेल्या चिपांवर यातून खराखुरा घोळ व्हायचा: '७४०८' हा त्या वर्षीचा तारीख-कोडही होता आणि ७४०० मालिकेतल्या अँड गेटच्या चिपचा नंबरही. टायरवर क्रम उलटा असतो, आठवडा आधी आणि वर्ष नंतर. '२३१९' म्हणजे २०१९ चा २३वा आठवडा.

ओतीव भागावर उठावात आलेला नंबर बहुधा ओतकामाचा असतो. त्याच ओतकामावर वेगवेगळं मशिनिंग करून दोन-तीन वेगळे भाग निघतात, म्हणून नंबर जुळूनही भोकं जुळत नाहीत. प्लास्टिकच्या आतल्या बाजूचं 'एबीएस' किंवा 'पीपी' हे मटेरियलचं नाव.

आता वाचण्याबद्दल. पुसण्याआधी फोटो काढा. थिनर किंवा अॅसिटोनने मळासोबत शाईही जाते, आणि ती परत येत नाही. लेझरने कोरलेली पुसट अक्षरं टॉर्च अगदी आडवा धरून, चारही बाजूंनी फिरवत बघा. खोलगट ठशात खडू घासून वरचा थर पुसला की अक्षर उठून दिसतं. ० आणि ओ, १ आणि आय, ८ आणि बी, ५ आणि एस या जोड्या दोन्ही प्रकारे शोधून बघायच्याच. गाड्यांच्या १७ अक्षरी व्हीआयएन नंबरातून आय, ओ आणि क्यू ही अक्षरं याच गोंधळासाठी वगळलेली आहेत. बाकीच्या उत्पादकांनी एवढी काळजी घेतलेली नसते.

बेअरिंगचा नंबर म्हणजे कोड कसा असावा याचा उत्तम नमुना. ६२०५ मधला ६ म्हणजे एका ओळीचं डीप ग्रूव्ह बॉल बेअरिंग, २ ही मापांची मालिका, आणि ०५ गुणिले ५ म्हणजे आतलं भोक २५ मिलिमीटर. हा पाचाचा गुणाकार ०४ पासून लागू होतो. ०० म्हणजे १०, ०१ म्हणजे १२, ०२ म्हणजे १५ आणि ०३ म्हणजे १७ मिलिमीटर. ६३०५ चं भोकही २५ च, पण बाहेरचा व्यास ५२ ऐवजी ६२ आणि रुंदी १५ ऐवजी १७. शेवटची अक्षरं शोभेची नाहीत. '२आरएस' म्हणजे दोन्ही बाजूंना रबरी सील, 'झेडझेड' म्हणजे पत्र्याचं झाकण, 'सी३' म्हणजे आतली फट नेहमीपेक्षा जास्त. मूळ सी३ असताना साधं बसवलं, तर मोटर तापल्यावर आतली रिंग फुगते, फट संपते आणि बेअरिंग आवाज करत लवकर जातं. "नंबर तोच आहे, चालेल" या सल्ल्यात नेमकं हेच सुटतं.

यंत्राच्या व्ही-बेल्टवर, म्हणजे पट्ट्यावर, 'ए-४२' असेल तर ए म्हणजे १३ मिलिमीटर रुंदीचा सेक्शन आणि ४२ म्हणजे इंचातली आतली लांबी. काही कंपन्या आतल्याऐवजी पिच लांबी (पट्ट्याच्या जाडीतल्या दोऱ्यांच्या रेषेवरची) छापतात, फरक तीसेक मिलिमीटरचा. त्यात वापरलेला पट्टा ताणलेला असतो, त्यामुळे नुसत्या टेपने मोजून नवा घेऊ नका.

इलेक्ट्रॉनिक्समध्ये सापळे जास्त. एसएमडी, म्हणजे थेट बोर्डाच्या पृष्ठभागावर बसवलेल्या इवल्या रेझिस्टरवर '१०३' म्हणजे १० पुढे तीन शून्यं, १० किलोओहम. पण '१००' म्हणजे शंभर नव्हे, १० ओहम. '४आर७' म्हणजे ४.७. जपानी ट्रान्झिस्टरवर 'सी१८१५' छापलेलं असतं, पूर्ण नाव २एससी१८१५. पुढचं '२एस' जोडल्याशिवाय डेटाशीट, म्हणजे उत्पादकाचं माहितीपत्रक, नीट सापडत नाही. त्याच्या जागी बीसी५४७ हा दुसरा ट्रान्झिस्टर लावताना पायांचा क्रम बघा, दोघांचा वेगळा आहे. तीन पायांच्या इवल्याशा भागावर दोन-तीनच अक्षरं मावतात आणि तोच कोड वेगवेगळ्या कंपन्या वेगळ्याच भागांना देतात. तिथे कोडवरून उमेदवारांची यादी करायची आणि निवाडा सर्किटवर सोपवायचा: कोणता पाय ग्राउंडला जातो, मल्टिमीटरच्या डायोड मोडवर कोणत्या दोन पायांत व्होल्टेज ड्रॉप दिसतो, आजूबाजूला कॉइल आहे की नाही.

शोधताना डॅशसह, डॅशशिवाय आणि शेवटची अक्षरं एकेक कमी करून बघा. सगळीकडे तेच वाक्य आणि 'स्टॉकमध्ये उपलब्ध' असलेली पानं आली, तर ती बहुधा नंबरवरून आपोआप बनवलेली असतात, त्यांना पुरावा मानू नका. वायरलेस उपकरणावर एफसीसी (अमेरिकेची दूरसंचार नियामक संस्था) आयडी असेल तर सोनंच: त्या सार्वजनिक नोंदीत अनेकदा आतले फोटोही असतात आणि लेबलमागचा खरा उत्पादक कळतो. यूएसबी उपकरण असेल तर व्हेंडर आणि प्रॉडक्ट आयडी बघा. १ए८६ आणि ७५२३ दिसलं की आत सीएच३४० ही यूएसबी-सिरियल चिप आहे.

काही कंपन्या बाजारात सहज मिळणाऱ्या बेअरिंगवर किंवा चिपवर मुद्दाम स्वतःचा नंबर टाकतात, म्हणजे गिऱ्हाइकाने त्यांच्याकडेच यावं. मला हे सरळसरळ अन्यायाचं वाटतं. दुरुस्त होण्यासारखी वस्तू केवळ नंबर न उलगडल्यामुळे भंगारात जाते. अशा वेळी बेअरिंग असेल तर नंबर बाजूला ठेवा, व्हर्नियरने आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि रुंदी घ्या आणि कॅटलॉगच्या तक्त्यात शोधा. प्रमाणित भाग असेल तर तिन्ही मापं कुठे ना कुठे जुळतातच.

कोणाला विचारायचं असेल, तर कोडचा कापलेला फोटो एकटा पाठवू नका. पूर्ण भागाचा फोटो, शेजारी मोजपट्टी, तो कोणत्या यंत्रातून आणि कुठून निघाला, त्याला किती वायर किंवा पाय आहेत, आणि त्यावरची सगळी अक्षरं ओळींसकट टाइप केलेली, एवढं द्या. उत्तर देणाऱ्यांनीही ते वाचून सांगितलं की अंदाजाने, हे स्पष्ट लिहावं. नंबर एकदा खात्रीने कळला की यंत्राच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवा, शेवटच्या अक्षरांसकट.