सेलूच्या दादांना उत्तर: कमिशन, परत आलेली पार्सलं आणि उधारीची वही

दादा,

तुमची प्रतिक्रिया मी चार वेळा वाचली. ज्यांच्या नजरेतून ती सुटली असेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. दादांचं सेलूत कापडाचं दुकान आहे, वडिलांच्या वेळेपासूनचं. लहान दुकानदारांनी ऑनलाइन विक्रीकडे वळावं, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर ते म्हणतात: "ताई, स्वप्नं विकू नका. ऑनलाइन गेलो तर कमिशन खातं, नाही गेलो तर गिऱ्हाईक जातं. रोखीचं गिऱ्हाईक फोनवर साड्या मागवायला लागलं आणि उधारीचं तेवढं आमच्याकडे राहिलं. लहान माणसासाठी हा सापळा आहे. तुम्ही पुण्या-मुंबईच्या माणसासारखं लिहिलंय."

शेवटचं वाक्य लागलं, कारण मी लातूरची आहे. गंजगोलाईपासून पायी दहा मिनिटांवर माझं घर आहे आणि त्याच घरात आम्ही पाचजणी येसूर (धान्य आणि मसाले भाजून दळलेलं पीठ), काळा मसाला, खारोड्या आणि कुरडया करतो. पण मागचा लेख पुन्हा काढून वाचला तेव्हा तुमचा राग पटला. त्यात विक्री कशी वाढते हे होतं, हातात किती उरतं हे नव्हतं. तो हिशोब तेव्हाच द्यायला हवा होता. आज देते.

माझं पाव किलो येसूरचं पाकीट 160 रुपयांना जातं. धान्य, मसाले, भाजणं, दळण, पाकीट, लेबल आणि बायकांची मजुरी धरून 85 रुपये खर्च. उरले 75. हेच पाकीट मोठ्या प्लॅटफॉर्मवरून विकलं की कमिशन, ठरावीक फी आणि पाठवणीचा खर्च मिळून 62 रुपये कापले जायचे. राहिले 13. दहा पाकिटं गेली आणि त्यातलं एक परत आलं, तर नऊ पाकिटांचे 117 रुपये सुटतात आणि परत आलेल्या पाकिटाच्या जाण्या-येण्याचा भुर्दंड साधारण 90 रुपये बसतो. शिल्लक 27. दोन परत आली तर 76 रुपये खिशातून जातात, तेही पाकीट धडधाकट परत आलं असं धरून. खाण्याचं पाकीट फाटलं तर ते कुणाला पुन्हा विकायचं?

2022 च्या दिवाळीत मी हे भोगलंय. कॅश ऑन डिलिव्हरीनं 64 पार्सलं पाठवली, त्यातली 19 परत आली. कुणी घरी नव्हतं, कुणी फोन उचलला नाही, कुणी दारात पार्सल आल्यावर नको म्हणालं. पाकिटं चेपलेली, दोन खोक्यांना ओल लागलेली. त्या महिन्यात बायकांची मजुरी मी घरखर्चातून दिली. त्यामुळे तुम्ही सापळा म्हणालात तेव्हा मला नवल वाटलं नाही.

पण त्या दिवाळीनंतर मी विक्री थांबवली नाही, पद्धत बदलली. जी गिऱ्हाइकं एकदा माल घेऊन समाधानी होती त्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर आणलं. पैसे आधी यूपीआयनं, मग पार्सल. 1 जानेवारी 2020 पासून यूपीआयच्या व्यवहारावर दुकानदाराकडून एमडीआर, म्हणजे पैसे स्वीकारण्याबद्दलचं बँकेचं शुल्क, घेतला जात नाही, म्हणजे 640 रुपये आले की 640 च खात्यात. असं गिऱ्हाईक एक पाकीट मागवत नाही, किलोभर मागवतं. चार पाकिटांचा खर्च 340, कुरिअर 90, हातात 210. मसाला तोच, घरही तेच. प्लॅटफॉर्मवर त्याच चार पाकिटांचे 52 रुपये सुटत होते.

आता कुरडयांचं सांगते, कारण याबद्दल सहसा कुणी लिहीत नाही. कुरिअरवाले नुसतं काट्यावरचं वजन धरत नाहीत. खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणायची आणि बहुतेक ठिकाणी 5000 नं भागायचं. येणारा आकडा काट्यावरच्या वजनापेक्षा जास्त असेल तर पैसे त्या आकड्याचे. एक किलो कुरडया मोडू नयेत म्हणून मी 30 बाय 25 बाय 20 च्या खोक्यात भरायची. 15000 भागिले 5000, म्हणजे तीन किलो. माल एक किलो, भाडं तीन किलोचं. कुरडई दाबून भरली तर गिऱ्हाइकाला चुरा मिळतो. म्हणून कुरडया मी आता फक्त लातुरात आणि एसटीनं येणाऱ्या-जाणाऱ्या ओळखीच्या माणसांच्या हातीच देते. येसूर आणि वसमतची हळद मात्र लांब जाते. दादा, या बाबतीत तुमचा धंदा माझ्यापेक्षा सोपा आहे. साडीची घडी होते, मोडत नाही, पावसाळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत घातली की भागतं.

तुम्ही आणखी लिहिलंय की लहान माणसाला जीएसटीच्या कटकटीमुळे दारच बंद आहे. हे पूर्वी खरं होतं. 1 ऑक्टोबर 2023 पासून नियम सैल झालाय. वस्तू विकणाऱ्याची उलाढाल नोंदणीच्या मर्यादेत असेल, आणि आपल्याकडे वस्तूंसाठी ती 40 लाख आहे, तर जीएसटी नोंदणी न घेताही प्लॅटफॉर्मवरून विकता येतं. त्यासाठी जीएसटीच्या पोर्टलवर पॅनवरून नावनोंदणीचा क्रमांक घ्यावा लागतो. अट एक: माल राज्याच्या आतच जायला हवा. सेलूची साडी नाशिकला चालेल, हैदराबादला नाही. माझी निम्मी जुनी गिऱ्हाइकं हैदराबादेत आहेत, आपल्या भागातली कितीतरी घरं तिकडे नातं राखून आहेत, म्हणून मी नोंदणी घेतली. नोंदणी असलेल्याचा प्लॅटफॉर्मवर जो टीसीएस, म्हणजे प्लॅटफॉर्म आधीच कापून सरकारकडे भरतो तो जीएसटीचा हिस्सा, कापला जातो तो 10 जुलै 2024 पासून 1 टक्क्याचा अर्धा टक्का झाला. आयकराचा टीडीएसही ऑक्टोबर 2024 पासून 1 टक्क्यावरून 0.1 टक्क्यावर आला. हे दोन्ही पैसे बुडत नाहीत, विवरणपत्र भरलं की हिशोबात धरले जातात. कमिशन मात्र गेलं ते गेलं.

ओएनडीसीबद्दलही विचारलंय, म्हणजे सरकारच्या पाठबळानं उभं राहिलेलं ऑनलाइन विक्रीचं खुलं जाळं. 31 डिसेंबर 2021 ला कंपनी स्थापन झाली, एप्रिल 2022 मध्ये पाच शहरांत चाचणी सुरू झाली. गिऱ्हाईक एका अ‍ॅपवर आणि विक्रेता दुसऱ्या अ‍ॅपवर असला तरी व्यवहार व्हावा, ही कल्पना मला मनापासून आवडते. मी नाव नोंदवलंय. लातुरात बसून वर्षभरात ऑर्डरी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आल्या. नोंदवून ठेवा, पण त्यावर दुकान चालेल असं धरू नका.

दहा मिनिटांत किराणा पोचवणाऱ्यांची भीती तुम्ही लिहिलीय. ती भीती खोटी नाही. रोजच्या वापराच्या मालाच्या वितरकांच्या अखिल भारतीय महासंघानं 2024 मध्ये स्पर्धा आयोगाकडे त्यांच्याविरुद्ध तक्रार केली, ती याच पोटतिडकीनं. पण ही सेवा दोन-तीन किलोमीटरच्या टापूतल्या छोट्या गोदामावर चालते आणि त्या टापूत दिवसभर ऑर्डरी पडाव्या लागतात. तालुक्याच्या गावात ते गणित बसवणं अवघड आहे. तुमची खरी लढाई त्या सेवेशी नाही, पुण्याहून तीन दिवसांत येणाऱ्या 499 च्या साडीशी आहे.

आणि त्या साडीशी किमतीत लढू नका, हे मी हात जोडून सांगते. तिथे तुमच्यासारख्याच हजार दुकानदारांचे भाव शेजारीशेजारी दिसतात आणि दहा रुपयांनी कमी असलेला माल आधी उचलला जातो. तुमच्या नव्या साड्या तिकडे चढवण्याआधी लग्नाच्या बस्त्याचा विचार करा. फोनवर बस्ता बांधणारं घर मी अजून पाहिलेलं नाही. जीपभरून माणसं येतात, गादीवर बसतात, चहा होतो, मानापानाच्या साड्या मोजल्या जातात. पण मागच्या दोन वर्षांत मी एक गोष्ट बघतेय. माझ्या नणंदेच्या मुलीच्या बस्त्याला आम्ही परभणीत गेलो तेव्हा नवरी पुण्यात नोकरीवर होती. दुकानदाराच्या मुलानं आदल्या रात्री 30 साड्यांचे फोटो उजेडात काढून तिला पाठवले होते, पदर वेगळा, काठ वेगळा. तिनं सहा निवडल्या. दुसऱ्या दिवशी व्हिडिओ कॉलवर ती होती आणि गादीवर आम्ही. दोन तासांत बस्ता झाला आणि त्या दुकानदाराचे फॉल-पिकोचे पैसेही सुटले. मला विचाराल तर हेही ऑनलाइन दुकानच, आणि यात कमिशन कुणालाच गेलं नाही.

आता उधारीवर येते, कारण तुमच्या प्रतिक्रियेत सगळ्यात जास्त दुखणं तिथे होतं. दादा, ती उधारीची वही एकदा वेगळ्या नजरेनं बघा. त्यात नाव आहे, गाव आहे, बहुतेकांचा नंबर आहे. कुणाच्या घरी पोरीचं लग्न ठरतंय, कुणाला सुतीच लागतं, कुणाकडे सोयाबीन विकल्यावर पैसा येतो आणि कुणाकडे कापूस विकल्यावर, हे तुम्हाला तोंडपाठ आहे. मोठ्या कंपन्या ही माहिती मिळवायला पाण्यासारखा पैसा ओततात. तुमच्याकडे ती वडिलांच्या वेळेपासून साठलीय.

व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस फुकट आहे. त्यात गिऱ्हाइकांना लेबल लावता येतं: लग्नघर, रोख, उधारी, गावाबाहेर. कॅटलॉगमध्ये साड्या किमतीसकट ठेवता येतात. ब्रॉडकास्टच्या एका यादीत 256 जण बसतात, पण निरोप त्यांनाच पोचतो ज्यांनी तुमचा नंबर फोनमध्ये जपून ठेवलाय. म्हणून पिशवीवर नंबर मोठा छापा आणि बिल देताना समोरच सेव्ह करून घ्या. मी हे पहिलं वर्षभर केलं नाही आणि निरोप का पोचत नाहीत म्हणून डोकं धरून बसले. रोज दहा फोटो मात्र टाकू नका, लोक आवाज बंद करतात. मी आठवड्यातून दोनदा टाकते. आणि गूगलच्या नकाशावर दुकानाची नोंद, वेळ आणि फोटो टाका. बाहेरगावचा पाहुणा तिथेच शोधतो.

उधारी यानं मिटणार नाही. माझी सूचना एवढीच, की गावाबाहेर जाणारा माल उधार द्यायचा नाही आणि कॅश ऑन डिलिव्हरीनंही नाही. निदान निम्मे पैसे आधी. पहिल्या महिन्यात चारजण नाराज होतील. माझे झाले, त्यातले तिघे परत आले.

वहीतली आधी 40 खाती निवडा, गेल्या दोन वर्षांत ज्यांनी पैसे वेळेवर दिले ती. त्यांच्यापासूनच सुरुवात करा, अनोळखी गिऱ्हाइकाच्या मागे आता लागू नका. आणि एका साडीची खरेदी, वाहतूक, पिशवी, फॉल-पिको असे आकडे मला इथेच खाली कळवा. मी माझ्या तक्त्यात मांडून प्लॅटफॉर्मवर किती उरेल आणि थेट विकून किती, दोन्ही काढून देते. तुळशीचं लग्न झालं की बस्ते सुरू होतील, त्याआधी फोटो काढायला आठवडाभर तरी हातात हवा.